गॅदरिंग प्लेस, टल्सा : तेल आणि बँकेच्या पैशातून उभी राहिलेली बाग

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात कुणी येणार असेल, तर मी सगळ्यात आधी गॅदरिंग प्लेसला जायला सांगते. आर्कन्सॉ नदीच्या काठावरची ही बाग सप्टेंबर २०१८ मध्ये खुली झाली. आत जायला पैसे नाहीत, खेळायला नाहीत, हंगामात तलावात होडी घेतली तर त्याचेही नाहीत. लेकीकडे आले की मी नातीला घेऊन तिथेच असते.

मोठ्या मुलांसाठी खेळाच्या जागेत लाकडी मनोरे, झुलते पूल आणि उंच घसरगुंड्या आहेत. नदीतले मासे, बगळे यांच्या आकाराची खेळणी इतकी मोठी आहेत, की मुलं त्यांच्या पोटात शिरतात. अगदी लहानांसाठी वेगळा, ठेंगणा भाग आहे. पण मला सगळ्यात आवडते ती जमिनीची रचना. मध्ये रिव्हरसाइड ड्राइव्ह हा वाहता रस्ता आहे, त्यावर माती टाकून, झाडं लावून रुंद पूल केलेत. आपण गवतातून चालत असतो आणि खालून गाड्या जात असतात हे कळतही नाही. बागा आखणारे मायकेल व्हॅन व्हाल्केनबर्ग यांच्या संस्थेचं हे काम आहे.

खर्च सुमारे ४६.५ कोटी डॉलर. त्यातला सर्वात मोठा वाटा टल्साचे तेल-उद्योजक जॉर्ज कैसर यांच्या फाउंडेशनचा. बोटहाउसवर वनओक, लॉजवर विल्यम्स, अशी इथल्या वायू कंपन्यांची नावं दिसतात. बागेच्या नावात मात्र कैसर नाहीत.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, म्हणून मी या माणसाबद्दल मुद्दाम वाचलं. नाझी जर्मनीतून निसटून आलेल्या ज्यू आईवडिलांच्या पोटी १९४२ साली टल्सात जन्म. हार्वर्डचं शिक्षण. १९६९ मध्ये वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि कैसर-फ्रान्सिस ही घरची तेल कंपनी त्यांच्याकडे आली. ती त्यांनी वाढवली, पण मला खरी जिगर दिसते ती १९९१ मध्ये. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले, ओक्लाहोमातली कर्जं बुडाली आणि बँकाही. बँक ऑफ ओक्लाहोमा अमेरिकी सरकारच्या ठेव विमा महामंडळाच्या आधारावर तगून होती. ती कैसर यांनी सुमारे ६ कोटी डॉलरला घेतली. सगळे हात झटकत असताना तेलवाल्याने तेलामुळेच आजारी पडलेली बँक घ्यायची, हे धाडस कर्जाच्या फायली हाताळलेल्या माणसाला लगेच कळतं. आज तिच्या शाखा टेक्सास, कोलोरॅडोपर्यंत आहेत.

सगळंच साधलं असंही नाही. सोलिंड्रा या सौर कंपनीत फाउंडेशनशी जोडलेले पैसे होते. २०११ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि ५३.५ कोटी डॉलरच्या सरकारी कर्जहमीवरून मोठं राजकारण झालं. तोही भाग वाचायला हवा.

२०१० मध्ये संपत्तीचा मोठा भाग दान करण्याची जाहीर शपथ घेताना त्यांनी लिहिलं, की आपलं यश अंगच्या थोर गुणांपेक्षा नशिबाचं जास्त; कुठे आणि कुणाच्या पोटी जन्मलो याचं. त्यांच्या फाउंडेशनचा भर गरीब घरांतल्या अगदी लहान मुलांच्या शिक्षणावर का, ते इथे समजतं. बागेतही तेच दिसतं. ज्या शहरात १९२१ मध्ये ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली गेली आणि गोरे व कृष्णवर्णीय यांच्यात उत्तर-दक्षिण अशी फट पडली, तिथे सगळ्या रंगांची मुलं एकाच घसरगुंडीच्या रांगेत उभी असतात. एका श्रीमंताच्या मर्जीवर शहरानं इतकं विसंबावं का, हा प्रश्न मला पडतो. तरी ती रांग पाहिल्यावर मी या खर्चाच्या बाजूनेच बोलेन.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी जाऊ नका, ओक्लाहोमाचं ऊन फार कडक. सकाळी उघडताच गाठा, गाडी लावायलाही जागा मिळते. मुलांसाठी कपड्यांचा जास्तीचा जोड न्या, कारण मिस्ट माउंटन या पाण्याच्या भागातून ती लवकर बाहेर येत नाहीत.