पीअर रिव्ह्यू: घरची समिती बसवायची की बाहेरचा तज्ज्ञ बोलवायचा?

एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ. त्याच्या मान्यतेची तयारी सुरू झाली की क्रेडेन्शियलिंगची, म्हणजे डॉक्टरांची पात्रता पडताळल्याची, फाइल लवकर तयार होते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, दर ५ वर्षांनी लागणारे सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट भरलेत ना, पदव्युत्तर पदवीची नोंद झाली आहे ना, हे कौन्सिलकडून पडताळायचं आणि कोणाला कोणत्या शस्त्रक्रियांची मुभा ते लिहून ठेवायचं. एवढं रुग्णालयाचा स्टाफ करू शकतो. अडतं ते पुढे. रुजू झालेल्या डॉक्टरचं काम कसं चाललंय, हे त्याच क्षेत्रातल्या डॉक्टरांनी तपासायचं, म्हणजे पीअर रिव्ह्यू; पण तो करायचा कोणी?

एक केस घेऊ. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झाली. घरच्या समितीला बऱ्याच गोष्टी आधीच ठाऊक असतात: त्या दिवशी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कोण होतं, मदतीला सीनियर सर्जन मिळाला असता का, रक्तपेढी किती लांब आहे. आठवड्याभरात बैठक होते, खर्च जवळजवळ शून्य, आणि निघालेला धडा दुसऱ्या दिवशी ओटीत वापरता येतो. बाहेरच्या तज्ज्ञाच्या हाती फक्त केसपेपर. नलिका कापण्याआधी ती नीट ओळखली होती का, पोट उघडायचा निर्णय कधी घेतला, ड्रेनमधून (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतून) पित्त दिसल्यावर किती तासांनी हालचाल झाली, हे तो नोंदींवरून वाचणार. ऑपरेशन नोट चार ओळींची असेल तर त्यालाही काही सांगता येणार नाही, आणि त्याचं मानधन वाया जाईल.

तरीही लहान गावात घरच्या समितीवर सगळं सोपवू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे सगळे एकमेकांना पेशंट पाठवतात. नाहीतर एकमेकांचे स्पर्धक असतात. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या अस्टोरिया गावात नेमकं हेच घडलं. तिथल्या बड्या क्लिनिकची भागीदारी नाकारून डॉ. टिमोथी पॅट्रिक या सर्जननं स्वतःची प्रॅक्टिस थाटली. गावात रुग्णालय एकच, आणि तिथल्या वैद्यकीय स्टाफमध्ये क्लिनिकच्याच डॉक्टरांचं प्राबल्य. त्यांनी पीअर रिव्ह्यूच्या वाटेने त्याला बाहेर काढायचा घाट घातला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८८ साली निकाल पॅट्रिकच्या बाजूने लागला. दरम्यान १९८६ मध्ये कायदा झाला: पूर्वसूचना देऊन, म्हणणं ऐकून घेऊन, प्रामाणिक हेतूने रिव्ह्यू केला तर समितीला नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण. आपल्याकडे पीअर रिव्ह्यूसाठी असा खास कायदा नाही. म्हणून इतिवृत्तात घडलेल्या गोष्टी लिहा, शेरेबाजी नको, आणि पद्धत ठरवतानाच वकिलाला दाखवा.

उलट टोकाचा धोकाही खरा आहे. मुंबईच्या मोठ्या संस्थेतला परीक्षक चोवीस तास इन्टेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा तज्ज्ञ डॉक्टर) असल्याचं गृहीत धरून तुमच्या डॉक्टरला दोषी ठरवू शकतो. तुमच्याएवढ्याच रुग्णालयात त्याच शाखेचं काम करणारा, पण दुसऱ्या जिल्ह्यातला डॉक्टर शोधा. केसपेपरवरचं पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव झाकून पाठवा.

शंभर खाटांच्या रुग्णालयाला मी सांगेन की मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसची मासिक बैठक घरीच घ्या. बाहेरचा तज्ज्ञ मात्र चार वेळा हवाच: त्या शाखेचा दुसरा डॉक्टर रुग्णालयात नसेल तेव्हा, समितीतल्या कोणाचे हितसंबंध गुंतलेले असतील तेव्हा, केस खुद्द मेडिकल डिरेक्टरची किंवा ट्रस्टींच्या नातलगाची असेल तेव्हा, आणि कोणाची मुभा काढायची किंवा कमी करायची वेळ आली तेव्हा. शेवटच्या बाबतीत त्या डॉक्टरला कागद आधी द्या आणि त्याचं म्हणणं समोर बसून ऐका. त्याची रोजीरोटी आणि पेशंटचा जीव, दोन्ही त्या निर्णयावर अवलंबून असतात.

हे चार प्रसंग आजच नियमावलीत घाला. केस घडल्यावर बाहेरचा माणूस बोलवायचं ठरवलं, तर आपल्यालाच लक्ष्य केलं असं त्या डॉक्टरला वाटणार.