सलाईन उत्तम, फोडणी तेवढी आवरा

गरोदरपणाचा नववा आठवडा होता आणि पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरत नव्हता. आमचं घर सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ. हळदीच्या वासात लहानाची मोठी झाले मी, पण यंदा खिडकी उघडली की बेसिन गाठायचं. वजन ५४ वरून ५०.५ वर आलं. आधीच्या डॉक्टरांनी "पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांनाच होतं" म्हणून बोळवण केली. सासूबाईंचा मोरावळा, आवळासुपारी, सगळं उलटून पडलं. एके दिवशी सकाळपासून लघवीलाच झाली नाही, तेव्हा यांनी गाडी काढली ती थेट विश्रामबागेतल्या या प्रसूतिगृहात.

इथे आधी लघवी तपासली. किटोन्स तीन प्लस, म्हणजे अन्न मिळेना म्हणून शरीर स्वतःचीच चरबी जाळत होतं. पोटॅशियमही कमी. मी म्हटलं, "मॅडम, ग्लुकोजची बाटली लावा, जरा तरतरी येईल." त्या म्हणाल्या, "आत्ता नाही. किती दिवस पोटात काही नाही तुझ्या. आधी बी-वन जीवनसत्त्व, मगच ग्लुकोज. उलटं केलं तर मेंदूला इजा होऊ शकते." मग साधं सलाईन, त्यात पोटॅशियम, सोबत थायमिनचं, म्हणजे त्याच बी-वनचं इंजेक्शन.

शीर काही सापडेना. दोन टोचे वाया गेले. सिस्टरनी गरम पाण्यात पिळलेला रुमाल हाताला गुंडाळला, पाच मिनिटं तशीच बसवली. "ताई, मूठ आवळा." शीर दोऱ्यासारखी वर आली. दुसरी बाटली संपता संपता लघवीला झाली. हसू नका, पेढे वाटावेसे वाटले.

रात्री राहावं लागत नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. तीन आठवड्यांत चार वेळा गेले. घरी उलट्यांसाठी डॉक्सिलामाइन आणि बी-सिक्सची गोळी. जास्त झालं तर जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉन. तिने बद्धकोष्ठ होतं हे मात्र कुणी सांगितलं नाही, ते माझं मला कळलं. लिटरभर पाण्यात ओआरएसचं पाकीट घालून बर्फाच्या ट्रेमध्ये लावायची युक्ती सिस्टरांचीच. चमच्याने जे उलटायचं ते खडा चघळला की राहायचं.

एक तारा कापलाय तो कँटीनमुळे. सलाईनच्या खोलीची खिडकी नेमकी त्याच्या मागे, अकराला कांद्याची फोडणी पडली की चारही कॉटवरून "सिस्टर, ट्रे!" दाराजवळची कॉट मागून घ्या, तिथवर वास जरा कमी येतो.