बर्फाळ गावातून ओल्या थंडीत: कोणतं हिवाळी सामान ठेवलं, कोणतं देऊन टाकलं (एक पूर्ण हिवाळा वापरल्यानंतर)

वर्षातले कित्येक महिने बर्फ साचून राहतो अशा ठिकाणाहून आम्ही बिऱ्हाड हलवलं. आता राहतो तिथे पारा शून्याच्या जरा वर घुटमळतो, पडलेला बर्फ दुपारपर्यंत वितळतो आणि उरलेला हिवाळा पावसाचा. निघताना जो तो म्हणत होता, "गरम कपड्यांचं ओझं कशाला नेताय?" पूर्ण हिवाळा काढल्यावर सांगते, हा सल्ला निम्माच खरा आहे. आम्ही सामान निवडताना तापमानाच्या आकड्यापेक्षा ओलीचा विचार जास्त केला आणि तेच कामी आलं.

आधी जॅकेटांबद्दल. उणे वीसमध्ये बर्फ भुरभुरीत असतो, अंगावर पडला तरी झटकला की गेला. पाच अंशांतला पाऊस झटकून जात नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं, म्हणून भिजलेला माणूस शून्याच्या बराच वर असतानाही काकडतो. पिसांचं डाउन जॅकेट इथे लंगडं पडतं, कारण पिसं भिजली की गोळा होतात आणि त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते. जाडजूड पार्का, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा टोपीवाला लांब कोट, आम्ही देऊन टाकला. सिंथेटिक भरावाचं मध्यम जॅकेट आणि बाहेरून घालायचं वॉटरप्रूफ जॅकेट ठेवलं, आणि ही जोडी जवळपास रोज अंगावर होती. वॉटरप्रूफवर पाण्याचे थेंब टपटप घरंगळायचे थांबले आणि कापड ओलं दिसू लागलं, तर ते टाकू नका. नीट धुऊन, लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णता द्या. बहुतेक वेळा पाणी झटकणारा वरचा लेप पुन्हा जागा होतो. आमचा झाला.

सगळ्यात जास्त वापर झाला तो मेरिनो लोकरीच्या थर्मलचा आणि जाड पायमोज्यांचा, आणि तोही घरात! कडक थंडीच्या भागातली घरं जाड भिंतींची, दुहेरी-तिहेरी काचांची, आतून उबदार असतात. सौम्य हवामानात बांधणारे तेवढा खर्च करतातच असं नाही. खिडकीच्या फटीतून गारठा येतो, भिंती ओल धरतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा इतका दमटपणा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, म्हणून अशा घरात तिच्यासारखं दुसरं काही नाही. जाड दुलईसुद्धा ठेवली हे फार बरं झालं. लोकरीचे कपडे उन्हाळ्यात ठेवताना मात्र धुऊनच ठेवा. घाम आणि डाग राहिलेल्या लोकरीला कसर आधी लागते, आणि दमट हवेत बुरशीही धरते.

बुटांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण "लागलेच कधी तर" म्हणून बूटच सगळ्यात जास्त साठवले जातात. आम्ही उणे चाळीसचे म्हणून मिळणारे बूट दिले, पण एक चांगली, फारशी न वापरलेली जोडी खोक्यात घालून आणली होती. काही महिन्यांनी ती काढली, अंगठ्याने तळवा दाबला आणि तो शिळ्या केकसारखा भुगा होऊन हातात आला. वरचं चामडं जसंच्या तसं. बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा फेस असतो आणि हवेतला दमटपणा त्याला आतून हळूहळू तोडत जातो. उष्ण-दमट जागी हे अधिक वेगाने होतं, आणि बूट न वापरता ठेवल्याने टळत नाही. म्हणून अतिथंडीचे बूट माळ्यावर न टाकता, जिथे ते आजच घातले जातील तिथे द्यावेत. रबरी तळाचे, आतलं अस्तर काढता येणारे बूट मात्र पावसातही छान चालले.

बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे जरूर ठेवा. दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं हा खेळ इथे जास्त चालतो, आणि पहाटेच्या डांबरावरचा पारदर्शक बर्फ दिसतच नाही. जुन्या गावापेक्षा ते इथेच जास्त वापरले गेले.

गाडीच्या सामानात हिवाळी टायर ही मोठी बाब. त्यांचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली मऊ राहावं असं बनवलेलं असतं. त्याच्या वर ते भराभर झिजतं आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. आम्ही ते विकले आणि पर्वत-हिमकण चिन्ह (बर्फावरच्या चाचणीत उतरल्याची खूण) असलेले बारमाही टायर बसवले. विकताना बाजूवरचा चार आकडी कोड पाहून घ्या. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा, त्यावरून वय कळतं. बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या तुमच्या नव्या टायरच्या मापाच्या असतील आणि घाटात जाणं होत असेल तरच ठेवा. काच खरवडायची पट्टी ठेवा. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा गार होते, त्यामुळे हवा दोन-तीन अंशांवर असतानाही तिच्यावर हिमाचा थर धरतो. इंजिन गार ठेवणारं कूलंटही काढून नुसतं पाणी भरू नका. ते गंजापासून वाचवतं आणि उकळणबिंदूही वाढवतं.

बर्फ उडवायचं यंत्र विनाचर्चा दिलं. टाकीत पेट्रोल पडून राहिलं की कार्बुरेटरमध्ये चिकटा धरतो, आणि न चालणारं यंत्र नुसती जागा अडवतं. एक ॲल्युमिनियमचं फावडं ठेवलं, ते पानं आणि खडी ओढायला कामी येतं. वाटेवरचा बर्फ वितळवायला टाकायच्या मिठाचं गणित मात्र इथे उलटं बसलं. कॅल्शियम क्लोराइड कडाक्याच्या थंडीसाठी उत्तम, पण ते हवेतली ओल शोषून पाणी होतं, म्हणून मागेच ठेवलं. साधं खडेमीठ उणे नऊच्या आसपास ढिलं पडतं, आणि इथे तितकी थंडी पडतच नाही. झाकणाच्या बादलीत ते वर्षभर टिकतं.

जुन्या गावी जाणं होणार, हे धरूनच निवड केली होती. थर्मल, फ्लीस, सिंथेटिक जॅकेट आणि वर वॉटरप्रूफ, एवढं एकावर एक घातलं की चालत्या माणसाला उणे दहापर्यंत पुरतं. त्याखाली जायची वेळ आली तर पार्का मागून घेऊ. तो ज्यांना दिला ते आमच्याच मापाचे आहेत.