झुरळ की वाळवी: आधी कुणाचा बंदोबस्त?

पाऊस तोंडावर आला की धुळे-जळगावकडच्या जुन्या घरांत हा पेच पडतोच. स्वयंपाकघरात झुरळं झालीत, देवघराच्या चौकटीला वाळवी लागलीय आणि पैसे एकाच कामापुरते आहेत. माझं म्हणणं स्पष्ट आहे: पैसे वाळवीवर खर्च करा.

खरं तर दोघं एकाच गोतातले. वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो, पण मुंगी मधमाशी-गांधीलमाशीच्या नात्यातली. वाळवीचा पूर्वी आयसोप्टेरा हा वेगळा गण मानत. २००७ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून दिसलं, की ती झुरळांच्या ब्लॅटोडिया गणाचीच एक फांदी आहे. क्रिप्टोसर्कस नावाचं, कुजक्या लाकडात पिल्लांसह राहणारं आणि लाकूडच खाणारं झुरळ तिचं सगळ्यात जवळचं भावंड. झुरळांच्या ४,००० हून अधिक जाती आहेत. माणसाच्या घरात वावरणाऱ्या जेमतेम ३०. बाकीची रानात पालापाचोळ्यात राहतात. वाळवीच्या सुमारे ३,००० जाती आहेत.

झुरळ एकेकटं जगू शकतं. ओट्यामागचं छोटं तपकिरी असो की मोरीतलं मोठं तांबूस, दिसतं त्याहून जास्त फटींत लपलेलं असतं, पण त्यामागे राणी नसते. फटींत झुरळं मारायच्या जेलचे ठिपके लावा, रात्री खरकटं ठेवू नका, गळका नळ दुरुस्त करा. हे घरच्या घरी जमतं.

वाळवीचं तसं नाही. भिंतीवरच्या मातीच्या नळीतून फिरतात ते बहुतेक कामकरी. राणी जमिनीखाली अंडी घालत असते. नळीवर रॉकेल ओतलं की चार दिवस शांतता, मग शेजारून नवी नळी. म्हणून भिंतीच्या पायाशी छिद्रं पाडून जमिनीत औषध सोडावं लागतं. वाळवीला न जाणवणारं, कामकऱ्यांच्या अंगाला लागून एकमेकांत पसरणारं औषध मागा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण त्याच्या कडेचा फिकट भाग आणि आंब्याच्या फळ्या ती आनंदानं खाते.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे आले तर एक उचलून पाहा. चारही पंख सारखे असतील तर वाळवी; पुढचे मोठे नि कंबर बारीक असेल तर मुंगी.

बांधावरचं वारूळ मात्र फोडू नका. नागपंचमीला आपण पुजतो ते वारूळही बहुधा वाळवीनंच बांधलेलं असतं. आत ती बुरशीची बाग करते, वाळला पाला जिरवते आणि जमीन भुसभुशीत ठेवते.