सोलापूरच्या उन्हात कोणता पाम लावावा?

बंगल्याचं काम संपत आलं, कंपाऊंडला रंग लागला, की सोलापुरात पुढचा विषय निघतोच: गेटजवळ पाम कोणता लावायचा? नर्सरीवाला बॉटल पाम दाखवतो, शेजारी अरेका सुचवतात, आणि घरातलं कुणीतरी मोबाइलवर युरोपातल्या बागेचा व्हिडिओ उघडून म्हणतं, "बघा, तिकडं बर्फात पाम जगतोय, मग आपल्याकडं का नाही जगणार?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हल्ली थंडीत टिकणाऱ्या पामांची रोपं आणि बिया ऑनलाइन सहज मिळतात आणि लोक हौसेनं मागवतात.

बर्फातले पाम

व्हिडिओत दिसतो तो बहुतेक वेळा ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय, म्हणजे विंडमिल पाम. हा मूळचा चीनचा. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती-संग्राहकानं १८४९ साली त्याची रोपं इंग्लंडला पाठवली, तेव्हापासून तो तिकडच्या उघड्या बागांत वाढतो आहे. खोडाभोवती काथ्यासारखं तंतूंचं जाड वेष्टन असतं आणि मोठं झाड उणे १२-१५ अंशांपर्यंतची थंडी काढतं. याच कुळातला एक भाऊबंद, ट्रॅकिकार्पस ताकिल, आपल्या कुमाऊँच्या डोंगरांत वाढतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातला नीडल पाम तर उणे २० लाही दाद देत नाही. भूमध्य समुद्राकाठचा बुटका कॅमेरॉप्स त्या मानानं नाजूक, पण चिवट. इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेलं त्याचं झाड काचघरात आजही उभं आहे.

थंड देशातला माळी पाम निवडताना एकच हिशेब करतो: वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री पारा किती खाली जातो? त्यानुसार तो हिवाळ्याआधी झावळ्या वर गोळा करून बांधतो, त्यांवर कापड गुंडाळतो, बुंध्याशी सुका पालापाचोळा घालतो आणि शेंड्यावर पाऊस पडू नये म्हणून आडोसा करतो. नुसत्या थंडीपेक्षा ओल आणि थंडी एकत्र आली की कोंब कुजतो. पामाला वाढीचा कोंब बहुधा एकच असतो, त्यामुळं एकखोडी पामाचा कोंब गेला की झाड संपलं.

आता आपलं बघा. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जाताना कपाटातला स्वेटर बाहेर काढावा लागतो, आपली थंडी एवढीच. दहिवर गोठत नाही, बर्फ तर दूरच. म्हणजे थंडी सोसण्याच्या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. उलट विंडमिल पामाला हवा असतो रात्रीचा गारवा, आणि मे महिन्यात आपल्याकडं रात्रीही पारा २५ अंशांच्या आसपासच असतो. असं रोप लगेच मरत नाही, वर्षानुवर्षं खुरटत राहतं. तेव्हा मागवू नका. मुलगी किंवा जावई इंग्लंड-जर्मनीत असतील तर त्यांना मात्र खुशाल सुचवा.

आपला हिशेब पाण्याचा

सोलापुरात पाम मरतो तो तीन गोष्टींनी: बोअरच्या पाण्यातले क्षार, चुनखडीची किंवा काळी माती, आणि दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन. यात पहिली गोष्ट सगळ्यात वाईट, कारण ती दिसत नाही. मे महिन्यातली ४२-४३ अंशांची उष्णता बरेच पाम सोसतात, मुळाशी ओल असली तर. पण नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळं बागेला जातं ते बोअरचं. तुमच्या बाथरूमच्या नळांवर पांढरा थर साचत असेल, तर तोच थर कुंडीच्या मातीतही साचतो आहे असं समजा.

म्हणून नर्सरीत जाण्याआधी तीन गोष्टी ठरवून टाका. पाणी कुठलं देणार, मोकळी जागा किती फूट आहे आणि तिथं ऊन कोणत्या बाजूचं येतं. बाकी सगळं त्यानंतर.

बॉटल पाम की फॉक्सटेल

आपल्याकडं बॉटल पाम म्हणून जो विकला जातो, तो बहुतेक वेळा रॉयल पाम असतो, मूळचा क्युबाकडचा. (खरा बॉटल पाम मॉरिशसचा, बुटका आणि पोटाशी फुगलेला.) रॉयल पाम देखणा आहे यात वाद नाही, गुळगुळीत राखाडी खोडांची रांग एखाद्या मंगल कार्यालयाच्या रस्त्याला शोभूनच दिसते. पण त्याला पाणी भरपूर लागतं, तो चार-पाच मजल्यांएवढा उंच जातो आणि मोठ्या झाडाची एकेक झावळी तीन मीटरहून लांब आणि चांगलीच वजनदार असते. वाळली की ती आपोआप, न सांगता खाली येते. खाली तुमची गाडी उभी असते. तीस-चाळीसच्या प्लॉटवर रॉयल पाम लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

त्याच जागी फॉक्सटेल जास्त शहाणपणाचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या एका कोपऱ्यातला हा पाम. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते १९८३ मध्ये, आणि आज कुठल्याही मोठ्या नर्सरीत तो दिसतो. झावळ्या कोल्ह्याच्या शेपटीसारख्या चहूबाजूंनी भरलेल्या, उंची साधारण ३० फुटांच्या आसपास, खोड सडपातळ, काटे नाहीत. मूळ धरल्यावर पाण्याचा खंड रॉयलपेक्षा बरा सोसतो.

त्याची अडचण एकच आणि ती सोलापुरात हमखास येते. चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह आणि मँगनीज मिळत नाही, मग नवीन पानं फिकट, आखूड आणि चुरगळलेली निघतात. नव्या बंगल्यासमोर तर हे ठरलेलंच, कारण अंगणातल्या मातीत सिमेंटचा राबिट, विटांचे तुकडे आणि चुना मिसळलेला असतो. गवंड्यानं वरून चार इंच लाल माती पसरून दिली म्हणजे बाग तयार झाली, असं समजू नका. खड्डा तीन-तीन फूट घ्या, राबिट निघेल तेवढा बाहेर फेका आणि बाहेरून आणलेली माती, मुरूम व कुजलेलं शेणखत भरा. पुढं पानं फिकी पडू लागली तर सूक्ष्म अन्नद्रव्यांची, चिलेटेड (म्हणजे झाडाला सहज शोषता येणाऱ्या) स्वरूपातली, फवारणी करा. एवढी तयारी नसेल तर फॉक्सटेल घेऊ नका.

अरेका की रॅफिस

पोर्चमध्ये, जिन्याखाली, हॉलच्या खिडकीशी कुंडीत ठेवायचा पाम म्हटलं की अरेका. मादागास्करचा, झुपक्यानं वाढणारा, स्वस्त, आणि वाढतोही झपाट्यानं. महिना-दोन महिन्यांत पानांची टोकं तपकिरी पडायला लागतात, मग घरातले म्हणतात पाणी कमी पडतंय, आणि तेच क्षाराचं पाणी दुप्पट घालतात. टोकं जळतात ती बहुतेक वेळा क्षारांनी. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी अरेकाला घालणं सगळ्यात घातक, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त. ते बादलीत धरा. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर नेऊन ठेवा, साचलेले क्षार आपोआप धुऊन निघतात. सकाळचं पूर्वेचं ऊन अरेकाला चालतं, दुपारचं पश्चिमेचं नाही.

रॅफिस त्याच्या दुप्पट-तिप्पट महाग आणि वाढीला अगदी मंद. बोटांसारखी फाटलेली गडद हिरवी पानं, बांबूसारखे काटकुळे दांडे. कमी उजेडात तो अरेकापेक्षा कितीतरी जास्त टिकतो, आणि थोडी थंडीही काढतो. घरात उजेड कमी असेल तर पैसे रॅफिसवर घाला. उजेड चांगला असेल आणि एसीचं किंवा पावसाचं पाणी द्यायची तयारी असेल, तर अरेका पुरे.

खजूर, शिंदी, बिस्मार्क

मोठ्या प्लॉटवर किंवा शेतातल्या घरापुढं उघड्या उन्हात काही लावायचं असेल तर खरी निवड या तिघांत आहे.

खजुराचे पाय पाण्यात आणि डोकं आगीत असावं, असं अरब शेतकरी म्हणतात. पाय पाण्यात नसले तरी खाऱ्या पाण्याच्या बाबतीत त्याची बरोबरी करणारा पाम इथं मिळणार नाही. फळाच्या आशेनं घेत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासूनच्या रोपात कोणतं काय निघेल हे कित्येक वर्षं कळत नाही. म्हणून टिश्यू कल्चरचंच रोप घ्या. शिवाय फळ पिकायला येतं ते नेमकं पावसात, आणि पाऊस लागला की घड सडतो. म्हणूनच बारहीसारखी जात बरी, ती पिवळी आणि कुरकुरीत असतानाच खाता येते.

शिंदी ही आपली, ओढ्याकाठची. उन्हाचा, दुष्काळाचा, काळ्या मातीचा तिला काही पाड नाही, फळांवर पक्षी येतात, आणि जुन्या झावळ्यांच्या देठांनी खोडावर उमटलेली नक्षी मला रॉयल पामच्या गुळगुळीत खोडापेक्षा सुंदर वाटते. तरी बंगल्यासमोर शिंदी म्हटलं की लोक नाक मुरडतात. खजूर काय, शिंदी काय, दोघांच्याही झावळीच्या बुडाशी सुईसारखे कडक काटे असतात, थेट लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. घरात लहान मूल असेल तर वाटेच्या कडेला यांपैकी काहीच नको.

बिस्मार्क पाम मादागास्करचा. चंदेरी-निळसर, मोठ्या पंख्यासारखी पानं, ऊन जितकं जास्त तितका रंग खुलतो. पण प्रत्येक पान सहा-आठ फूट पसरतं, त्यामुळं आजूबाजूला वीसेक फूट मोकळी जागा हवी. मुळं दुखावलेली त्याला खपत नाहीत. मोठं झाड उपटून आणून लावण्यापेक्षा पिशवीतलं लहान रोप घेऊन चार वर्षं थांबणं परवडतं. तेवढी जागा असेल तर माझं मत त्यालाच.

वॉशिंग्टोनिया पामाबद्दल थोडक्यात. वाढतो भराभर, उन्हाला घाबरत नाही, पण देठांना करवतीसारखे काटे, आणि वाळलेल्या झावळ्या गळून न पडता खोडाभोवती घागऱ्यासारख्या लोंबत राहतात. त्यात उंदीर राहतात, आणि पेटायलाही त्या सोप्या. काढायला माणूस वर चढवावा लागतो. रस्त्याकडेला ठीक, घराला खेटून नको.

नारळ लावायची हौस असेल तर लावा. मात्र गेंड्या भुंगा आणि लाल सोंड्या भुंगा या दोघांशी गाठ आहे. हिरव्या झावळ्या उगाच छाटू नका, सोंड्या ताज्या जखमेच्या वासावर येतो.

लावायचं कधी, घ्यायचं कसं

थंड देशात पाम वसंतात लावतात, हिवाळ्याआधी मूळ धरावं म्हणून. आपला कसोटीचा महिना मे, त्यामुळं पहिले दोन चांगले पाऊस झाले की जून-जुलैत लावा. दिवाळीत लावलेल्या रोपाला उन्हाळ्याआधी जेमतेम तीन-चार महिने मिळतात, आणि तेही थंडीचे. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, तेव्हा रोप खोलगट आळ्यात न लावता थोड्या उंचवट्यावर लावा आणि आळं त्याच्या बाहेरून गोल करा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच गाडा. खोड पुरलं की कुजतं. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेच्या बाजूनं हिरवी शेडनेट उभी करा.

नर्सरीत उंचीवर भाव ठरतो, म्हणून लोक उंच रोपाच्या मागे लागतात. त्याऐवजी मधला, अजून न उलगडलेला कोंब चिमटीत धरून हलकेच ओढून बघा. हातात आला किंवा सैल लागला तर ते रोप, कितीही उंच आणि कितीही स्वस्त असलं तरी, तिथंच ठेवा.