लॅबमध्ये फॉग सर्व्हर : काही महिन्यांच्या वापरानंतर

कॉलेज रोडवरच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत पावसाळ्याच्या तोंडावर फॉग बसवला, म्हणजे एका पीसीची नक्कल नेटवर्कवरून बाकीच्या पीसींवर उतरवणारं सॉफ्टवेअर. बॅच बदलली की लॅबमधले सगळे पीसी फॉरमॅट करून विंडोज, टॅली, कॅड पुन्हा टाकायचं, हे काम आता मास्टर (नमुन्याच्या) पीसीची एक इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घेऊन नेटवर्कवरून होतं. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लिनक्सवर चालतं. आमचा सर्व्हर म्हणजे उबुंटू टाकलेला एक जुना डेस्कटॉप. लॅब मोठी असेल तर बिनधास्त घ्या. पाच-सहा पीसींसाठी मात्र क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह पुरतो.

इमेज उतरायला लागली की ती पूर्ण होतेच. खरी डोकेदुखी त्याआधीची, पीसी नेटवर्कवरून बूटच न होण्याची. अशा वेळी स्क्रीनवरचा कोड आधी वाचावा. पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याची पद्धत. पीएक्सई-ई५१ म्हणजे डीएचसीपीकडून, म्हणजे आयपी पत्ता वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तरच आलं नाही. ई५३ आला तर आयपी मिळाला, पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही; तिथे डीएचसीपीचे ६६ आणि ६७ हे ऑप्शन तपासायचे. ई३२ म्हणजे नाव मिळालं, पण ती फाइल देणारा टीएफटीपी सर्व्हर बोलत नाही. बहुतेकदा सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ६९ पोर्ट बंद असतो. नव्या यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेलं फर्मवेअर) पीसींवर ई१६, ई१८ असे वेगळे कोड दिसतात, पण तपासायचा क्रम तोच.

आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते स्विचने, म्हणजे सगळ्या पीसींच्या लॅन केबली जोडणाऱ्या पेटीने. पीसीला आयपी मिळायचा, आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रामही उतरायचा आणि नेमकं त्यानंतर नेट जुळवताना टाइमआउट. एकाच बूटमध्ये डीएचसीपी तीनदा होतं : आधी लॅन कार्डाचा रॉम, मग आयपीएक्सई, मग फॉगचा लिनक्स कर्नल. ताबा बदलताना लॅनची लिंक क्षणभर तुटते. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचा लूप टाळणारी सोय, चालू असेल तर लिंक परत आल्यावर तो पोर्ट दोन टप्प्यांचे १५ अधिक १५, म्हणजे ३० सेकंद अडवून ठेवतो. तेवढ्यात पीसी वाट बघून थकतो. रॅकसमोर उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं : पोर्टचा दिवा नारिंगीच असतो, पीसी एरर देऊन मोकळा होतो आणि मग दिवा हिरवा होतो.

सातपूरच्या एका कारखान्यात आयटी सांभाळणाऱ्या मित्राने साधी युक्ती सांगितली. पीसी आणि भिंतीतला पोर्ट यांच्या मध्ये पाच पोर्टचा साधा स्विच लाव. मोठ्या स्विचकडची लिंक मग तुटतच नाही. तसं केल्यावर पीसी पहिल्या झटक्यात बूट झाला आणि दोष कुठे आहे ते पक्कं कळलं. लॅबच्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे ही ३० सेकंदांची अडवणूक टाळणारं सेटिंग, चालू केलं आणि हा त्रास कायमचा संपला.

आमच्याकडे जुने बायॉसवाले आणि नवे यूईएफआयवाले पीसी मिसळलेले आहेत. जुन्यांना अनडायओन्ली डॉट केपीएक्सई ही बूट फाइल लागते, नव्यांना आयपीएक्सई डॉट ईएफआय. नव्यातला एखादा पीसी आयपीएक्सई सुरू होतानाच अडकला तर एसएनपीओन्ली डॉट ईएफआय देऊन बघा. राउटरला दोन्ही फाइली वेगवेगळ्या देता येत नव्हत्या, म्हणून सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून, म्हणजे आयपीचं काम राउटरकडेच ठेवून फक्त बूटची माहिती द्यायला, बसवला. तो पीसीने पाठवलेला डीएचसीपीचा ऑप्शन ९३ बघून पीसीचा प्रकार ओळखतो. सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारं सेटिंग) बंद ठेवावं लागतं. इमेजही दोन ठेवाव्या लागतात, कारण एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीच्या डिस्कवरून घेतलेली इमेज यूईएफआय मोडमध्ये बूट होत नाही.

नव्या खेपेच्या पीसींवर वेगळंच झालं. फॉगचा मेनू आला, कर्नल आला, पण डिस्क सापडेना. बायॉसमध्ये व्हीएमडी हे इंटेलचं स्टोरेज सेटिंग चालू होतं, ते बंद केल्यावर एनव्हीएमई डिस्क दिसली. यात एक पथ्य पाळा : मास्टर पीसी आणि बाकीचे पीसी यांचं स्टोरेज सेटिंग सारखंच हवं. नाहीतर इमेज व्यवस्थित उतरते आणि विंडोज सुरू होताना इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइसची निळी स्क्रीन येते. इमेज घेण्यापूर्वी मास्टरवर विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन अर्धवट बंद झालेलं सापडतं आणि कॅप्चर (इमेज घेणं) अडतं.

मल्टिकास्टने, म्हणजे एकच डेटा सगळ्या पीसींना एकाच वेळी पाठवून, सगळी लॅब एकदम होते, पण स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (हा डेटा मागणाऱ्या पोर्टांनाच देणारी सोय) नीट लावलेलं नसेल तर तो सगळा डेटा प्रत्येक पोर्टवर जातो आणि ऑफिसचंही नेट रेंगाळतं. आम्ही मल्टिकास्ट रविवारीच चालवतो.