बिलात आरसीसीबी, बोर्डात नुसता आयसोलेटर

गेल्या वर्षी १२ जूनला सकाळी साडेआठ वाजता बाबांचा फोन आला. त्या वेळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत असते हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे ते सहसा करत नाहीत. "आईला जरा करंट लागला. आता बरी आहे. तू घाबरू नको," एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आईचा आवाज बसला होता. "अगो, कुणीतरी हाताला हिसडा मारल्यासारखं झालं. चपला होत्या पायात म्हणून बरं."

माझे आईबाबा संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतात. मी पुण्याला. घराला चिऱ्याचं जुनं बांधकाम, पुढे खळं म्हणजे अंगण, खळ्याच्या टोकाला पाण्याचा हौद. त्या हौदातून पोफळींना आणि फुलझाडांना पाणी द्यायला छोटा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आहे. पूर्वी पडवीतल्या बोर्डाला एक्स्टेंशन लावून वायर खळ्यातून ओढत न्यायची. पावसाळ्याच्या तोंडावर मला ते बघवेना. म्हणून एप्रिलमध्ये मीच हट्टाने हौदाजवळ कायमचा पॉइंट करून घ्यायचं ठरवलं. पैसे मी दिले, माणूसही मीच शोधला, फोनवरून. माझ्या हौसेच्या कामात आईचा जीव जाऊ शकला असता ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

माणूस बोलायला गोड होता. "ताई, तुम्ही निश्चिंत राहा, काका-काकू मला आईवडिलांसारखे." लायसन आहे का विचारलं, तर व्हॉट्सअॅपवर परवान्याचा फोटो पाठवला. शासनाचा शिक्का दिसला, मी समाधान मानलं. परवान्यावरचं नाव आणि ज्याला मी जीपे केलं ते नाव वेगळं होतं, हे जूनमध्ये कळलं, म्हणजे मी तो फोटो तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. परवाना दुसऱ्याच कुणाचा होता. "महावितरणचं लायसन" असं तो म्हणाला होता, तेही मी ऐकून घेतलं. विद्युत ठेकेदाराचा परवाना महावितरण देत नाही, राज्य शासनाचं अनुज्ञापक मंडळ देतं. एवढं मला ठाऊक असतं तर तिथेच थांबले असते.

बिल हाताने लिहिलेलं, एकूण २३,४०० रुपयांचं. आर्मर्ड केबल ३० मीटर. आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की आपणहून पडून वीज तोडणारा स्विच, ४० अँपिअर, ३० एमए (मिलीअँपिअर), २,४५० रुपये. अर्थिंग, पाईप-कोळसा-मिठासकट, ६,५०० रुपये. वॉटरप्रूफ सॉकेट पेटी. मजुरी. वाचायला सगळं अगदी बरोबर. मी इंटरनेटवर थोडं वाचून काढलं होतं आणि हेच शब्द त्याला फोनवर सांगितले होते. त्याने माझेच शब्द बिलात उतरवून दिले.

काम चालू असताना त्याने फोटोही पाठवले. एका फोटोत छान खोल चर, त्यात वाळूवर निजवलेली जाड काळी केबल, वरून विटा. मी तो फोटो ऑफिसात मैत्रिणीला दाखवला होता, किती व्यवस्थित काम करतो बघ म्हणून. त्या चरातली माती काळी होती. आमच्या वाडीत काळी माती औषधालाही नाही, सगळा तांबडा जांभा. त्या मातीत मी लहानाची मोठी झाले, आणि तो फोटो दोन महिने माझ्या फोनमध्ये होता.

आईला शॉक बसला त्या दिवशी बाबांनी शहाणपणा एकच केला: मेन स्विच पाडला आणि मास्तरांना बोलावलं. मास्तर म्हणजे आमच्या शेजारच्या वाडीतले, आयटीआयमध्ये तारतंत्री म्हणजे वायरमनचं काम शिकवून निवृत्त झालेले निदेशक. मी संध्याकाळी पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थोडा थांबला, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर एकेक गोष्ट उघडली.

आधी हौदाजवळची पेटी. झाकणावर आयपी ६५ लिहिलेलं होतं. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि चांगली पेटी असेल तर पावसाला पुरते. पण या पठ्ठ्याने केबल आत घ्यायला पेटीच्या वरच्या बाजूला भोक पाडलं होतं, त्याला ग्लँड (केबल घट्ट धरून भोक बंद करणारा आटा) नाही, रबर नाही, काही नाही. मास्तरांनी खालचा स्क्रू सैल केला तसं पेटीतून पाणी गळलं, चांगलं अर्धी वाटीभर. आत मुंग्यांनी माती भरलेली. केबल नेहमी खालून घ्यायची, ग्लँड आवळायचं, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत शिरत नाही. हे सांगताना मास्तरांचा आवाज वर्गात शिकवावं तसा झाला होता.

मग त्यांनी सॉकेट उलटं केलं आणि गप्प झाले. मला म्हणाले, "हे बघ, नीट बघ." सॉकेटच्या मागे तीन जागा असतात: फेज (वीज आणणारी), न्यूट्रल (ती परत नेणारी), अर्थ (जमिनीला जोडलेली). अर्थच्या जागेवर बाहेरून येणारी हिरवी वायर असायला हवी. तिथे हिरवी वायर होती, पण दोन इंचांची. अर्थच्या स्क्रूतून निघून शेजारच्या न्यूट्रलच्या स्क्रूत गेली होती. बस. जमिनीशी तिचा काही संबंध नव्हता.

एप्रिलमध्ये काम संपल्यावर याच सॉकेटवर त्याने बाबांना प्रयोग करून दाखवला होता. होल्डरच्या दोन वायरी, एक फेजमध्ये, एक वरच्या मोठ्या भोकात, आणि बल्ब लख्ख पेटला. "बघा काका, अर्थिंग कसं झकास!" बाबांनी मला कौतुकाने फोन करून सांगितलं होतं. बल्ब पेटणारच, कारण ते मोठं भोक न्यूट्रलला जोडलेलं. मास्तर म्हणाले की फसवणूक तिथेच उघड्यावर आली होती, ती ओळखणारं कुणी नव्हतं. बोर्डात खरी ३० एमएची आरसीसीबी आणि खाली खरं अर्थिंग असतं, तर फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावल्याक्षणी ती पडली असती. साठ वॉटचा बल्ब साधारण २६० मिलीअँपिअर खेचतो, आणि आरसीसीबी ३० ला पडते. (हा प्रयोग घरी कुणी करू नका. ते काम तारतंत्र्याचं.)

आता त्या दोन इंचांच्या वायरीने आईला शॉक कसा दिला ते सांगते, कारण हे मला स्वतःला समजायला वेळ लागला. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काहीच कळत नाही, पंप चालतो, हात लावला तरी काही होत नाही. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटला की फेजचा करंट पंपाच्या वायंडिंगमधून सॉकेटच्या न्यूट्रलपर्यंत येतो, पुढे रस्ता नाही, म्हणून त्या जोडतुकड्यातून अर्थच्या पिनेवर आणि तिथून थेट पंपाच्या लोखंडी अंगावर. पंप बंद पडलेला दिसतो आणि त्याच्या अंगात करंट असतो. आईने नेमकं हेच सांगितलं: "पंप चालेना म्हणून बघायला गेले, तर मागच्या बाजूने हात लागला." हाताची मागची बाजू लागली म्हणून हात झटक्याने मागे आला. तळव्याने धरला असता तर मूठ आवळली गेली असती आणि सुटली नसती.

न्यूट्रल तुटला कुठे, ते शोधायला चर उकरावा लागला. उकरावा म्हणजे काय, खुरप्याने चार-पाच इंच माती सारली आणि वायर हाताला लागली. आर्मर्ड केबल नव्हतीच. ठिबकसाठी वापरतात तसल्या काळ्या नळीत घरातली साधी वायर सरकवलेली, आणि तीही मध्ये एके ठिकाणी जोडलेली. जोडावर नुसती काळी टेप. नळीत पावसाचं पाणी भरलेलं, जोड जळून हिरवा-काळा पडलेला. मास्तरांनी वायरीवरचा छापा बघितला. आयएस ६९४ (अशा वायरीचं भारतीय मानक) नाही, आयएसआयचं चिन्ह नाही, कुठलं तरी न ऐकलेलं नाव. मग चाकूच्या टोकाने तांब्याची एक तार खरवडली. आतून पांढरी निघाली. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम होतं ते.

खऱ्या आर्मर्ड केबलला बाहेरून पोलादी तारांचं किंवा पट्ट्यांचं कवच असतं, आणि तीही निदान अडीच फूट खोल, वाळूत, वर विटा देऊन पुरतात, म्हणजे उद्या कुणी तिथे कुदळ मारली तर आधी विटेला लागावी. आमच्याकडे आई त्याच पट्ट्यात अळू लावते.

इतकं झाल्यावरही आईच्या जिवावर बेतायला नको होतं, जर बोर्डात आरसीसीबी असती तर. मी त्या एका वस्तूवर फार भरवसा ठेवून होते. बोर्डाची काच उघडून मी मास्तरांना दाखवलं, "ही बघा ना, आहे की." नामांकित कंपनीचीच, नवीकोरी, दोन खणांएवढी रुंद. मास्तरांनी विचारलं, "टीचं बटण कुठाय?" नव्हतं. वर ४० ए, डीपी एवढंच लिहिलेलं. तो डबल पोल आयसोलेटर होता. दिसायला आरसीसीबीचा जुळा भाऊ, पण नुसता चालू-बंद करायचा स्विच, आपणहून कधीच पडत नाही. किंमत दोन-चारशे रुपये, लावले २,४५०. आरसीसीबीवर ३० एमए किंवा ०.०३ ए असं छापलेलं असतं आणि टी अक्षराचं छोटं बटण असतं, ते वीज चालू असताना दाबलं की ती खटकन पडली पाहिजे. जे कुणी हे वाचताय त्यांनी आत्ता उठून आपल्या बोर्डात ते बटण आहे का एवढं तरी बघा. शेजारी एमसीबी आहे म्हणून समाधान मानू नका. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाला मारणारा करंट जाणवतसुद्धा नाही.

राहिला अर्थिंगचा खड्डा. परसात नवीन झाकण बसवलेलं, वर अर्थिंगची खूण रंगवलेली. पाईप अर्थिंगचा जीआय पाईप अडीच मीटर, म्हणजे आठ-एक फूट लांब लागतो, भोवती कोळसा आणि मीठ. जांभ्यात आठ फूट जायचं तर दोन गड्यांना पहार घेऊन दिवस लागतो, आणि बाबांना आठवत होतं की ते काम चहाच्या आधी सुरू झालं आणि जेवणाच्या आधी संपलं. मास्तरांनी झाकण काढून पाईपला हात घातला, जरा हलवला आणि वर उचलला. हातात आला. दीड फूट. त्याला जोडलेली वायर भिंतीपर्यंत येऊन पट्टीत शिरली होती आणि तिथेच कापलेली होती.

बाबा तिथून उठून आत गेले. त्यांनी त्या माणसाला दोन दिवस जेवू घातलं होतं.

त्याला फोन केला तेव्हा आधी म्हणाला, पावसाने असं होतं. फोटोतल्या काळ्या मातीचं विचारलं तर म्हणाला, ते दाखवायला पाठवले होते. आयसोलेटरचं विचारलं तर फोन कट, आणि नंतर उचललाच नाही.

काम मास्तरांच्या ओळखीच्या परवानाधारक ठेकेदाराकडून पुन्हा करून घेतलं. या वेळी मी चार दिवस रजा टाकून समोर उभी राहिले. केबल पुरण्याआधी टेपने खोली मोजली, वायरीवरचा सीएम/एल क्रमांक (आयएसआय चिन्हाचा परवाना क्रमांक) बीआयएस केअर अॅपमध्ये घालून पडताळला, आरसीसीबी डब्यातून माझ्यासमोर काढायला लावली. अर्थिंगला एक खड्डा पुरेना, अर्थ टेस्टरवर आकडा जास्त येत होता, म्हणून दुसरा खणून दोन्ही जोडले, मग ६ ओहमवर आला. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, त्यामुळे मेमध्ये पुन्हा मोजायचं ठरलं. ठेकेदाराने सहीशिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट दिला. पहिल्या वेळी असा काही कागद असतो हेच मला माहीत नव्हतं. ज्याच्याकडे खरा परवाना नाही, तो हा कागद देऊ शकत नाही.

जुनं सामान आम्ही टाकलं नाही. दीड फुटी पाईप, तो सॉकेट हिरव्या तुकड्यासकट, जळका जोड, आयसोलेटर, सगळं पिशवीत बांधून ठेवलं आहे. मास्तरांनी काय काय सापडलं ते लिहून सही करून दिलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला, मग नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही, म्हणून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, फक्त घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल हाताने लिहिलेलं असलं तरी जीपेची नोंद आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज आहेत. प्रकरण चालू आहे.

पैशांपेक्षा दुसरी काळजी मोठी होती. त्याने त्या उन्हाळ्यात आमच्या पंचक्रोशीत आणखी कुठे कामं केली हे बाबांनी विचारत विचारत काढलं. तीन घरं सापडली. मास्तर स्वतः पावसात छत्री घेऊन तिन्ही ठिकाणी गेले. एकीकडे काम बरं होतं. दुसरीकडे बोर्डात तोच आयसोलेटर. तिसऱ्या घरी अंगणात कपडे धुवायचं मशीन ठेवलेलं, सॉकेट उघडलं तर मागे तसाच दोन इंचांचा हिरवा तुकडा. त्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, मशीनला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात, पण आम्हाला वाटलं ओल आहे म्हणून.